आसिसीकर संत फ्रान्सिस आणि ग्रेच्चोचा नाताळ



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त प्रसिद्ध होत असलेल्या या स्मरणिकेसाठी आम्ही चार शब्द लिहावेत, अशी व्यवस्थापक मंडळाने विनंती केली. मंदिराच्या उभारणीचा वृत्तांत अन्यत्र आला आहे. ज्यांनी द्रव्यसाहाय्य केले, त्यांची नामावलीही योग्य स्थळी छापली आहे. तेव्हा आपण काय लिहावे, असा विचार करीत असता ध्यानात आले की, या महोत्सवी वर्षाची समाप्ती येत्या नाताळात व्हावयाची आहे, आणि त्या सणाची सारी तयारी तुम्हा मंडळींच्याच हातून, कोणी एक पैसाही न घेता, व्हावयाची आहे. या कामी उपयोगी पडेल असे एका महात्म्याचे चरित्र आम्हांस ठाऊक आहे. ते आसिसीकर संत फ्रान्सिस यांचे.

हे नाव ऐकताच पुष्कळांस वाटेल की, ज्या पुरुषाने उद्याची चिंता टाकून दिली, द्रव्यास स्पर्श करावयाचे नाकारले आणि पाखरांना उपदेश केला, त्याच्यापाशी आगाऊ तयारीचा धडा कोठून मिळणार? आमचाही पूर्वी असाच समज होता. तथापि त्यांचे चरित्र सावकाश वाचता असे आढळून आले की, नाताळच्या एका रात्रीसाठी या संतांनी पंधरा दिवस अगोदर एका गृहस्थास बोलावणे पाठविले, कोणत्या वस्तू जमवावयाच्या हे स्पष्ट सांगितले, आणि मग ते काम निर्धास्तपणे इतरांच्या हाती सोपविले. आज घरोघर जो नाताळचा गोठा मांडला जातो, त्याची परंपरा त्या रात्रीपर्यंत जाऊन पोहोचते. ती हकीकत सांगण्यापूर्वी त्यांच्या आयुष्याचा पूर्वभाग थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

इटली देशातील उंब्रिया प्रांतात आसिसी नावाचे नगर डोंगराच्या उतारावर वसले आहे. तेथे इसवी सन 1181 किंवा 1182 मध्ये पिएत्रो बर्नार्दोने नामक कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. मातेचे नाव पिका. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाचे नाव योहान ठेविले होते. परंतु व्यापारानिमित्त फ्रान्स देशास गेलेला पिता परत आल्यावर मुलास फ्रान्सिस म्हणू लागला, आणि तेच नाव पुढे जगाच्या तोंडी झाले. तारुण्यात त्यांस उंची वस्त्रांची, गाण्याबजावण्याची व मित्रांना मेजवान्या देण्याची हौस होती. 1202 साली आसिसी व पेरूजा या दोन नगरांत लढाई जुंपली. तीत ते पकडले गेले व सुमारे एक वर्ष बंदिवासात राहिले. सुटका झाल्यावर दीर्घ आजार आला. त्यातून उठल्यावर पुन्हा शिपाईगिरीचा मान मिळवावा म्हणून ते दक्षिणेस निघाले खरे, पण स्पोलेतो या गावाहूनच मागे फिरले. मनाची दिशा बदलली होती.

पुढे एके दिवशी वाटेत एक महारोगी भेटला. महारोग्यांची त्यांना पराकाष्ठेची किळस होती. तरीही घोड्यावरून उतरून त्यांनी त्याच्या हातावर दान ठेविले व त्या हाताचे चुंबन घेतले. सान दामियानोच्या पडक्या मंदिरात प्रार्थना करीत असता क्रुसावरील प्रभूने आपणांस मंदिराची डागडुजी करण्याची आज्ञा केली, असा त्यांना अनुभव आला. त्यांनी पित्याच्या दुकानातील कापड व घोडा विकून पैसा उभा केला. पिता संतापला आणि प्रकरण बिशपसाहेबांपुढे गेले. तेथे 1206 साली फ्रान्सिस यांनी अंगावरील वस्त्रेसुद्धा पित्यास परत केली, आणि यापुढे स्वर्गातील पिता तोच आपला पिता, असे सर्वांदेखत जाहीर केले. त्यानंतर ते स्वतः धोंडे वाहून पडकी मंदिरे दुरुस्त करू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे ते धोंडे मागत, आणि जो धोंडा देई त्यास प्रभूचा आशीर्वाद सांगत. लोकांपाशी वस्तू मागावयास व हातभार मागावयास त्यांना कधी लाज वाटली नाही. हा त्यांचा गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे तोच कामास आला.

थोड्याच काळात सोबती मिळाले. 1209 च्या सुमारास ते रोमला गेले व पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. 1212 साली आसिसीच्या एका सरदारघराण्यातील क्लारा नावाच्या कुमारिकेने हीच वाट धरली. तीच संत क्लारा. 1219 साली धर्मयुद्ध चालू असता फ्रान्सिस मिसर देशात दमिएत्ता येथे गेले, आणि शत्रूच्या छावणीत शिरून सुलतान अल-कामील यांची भेट घेऊन सुखरूप परत आले. त्यांचे अनुयायी सर्व देशांत पसरले. सोळाव्या शतकात ते आपल्या वसई प्रांतातही आले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या मंदिराचे भग्नावशेष अद्यापि उभे आहेत.

परंतु संघ वाढला, तशा अडचणीही वाढल्या. प्रथम बाराजणांचा मेळा होता. आता बंधूंची संख्या हजारांवर गेली. कडक दारिद्र्य पाळावे की थोडी सवलत असावी, घरे असावीत की नसावीत, ग्रंथ असावेत की नसावेत, यांवर मतभेद माजले. फ्रान्सिस मिसर देशात असतानाच मागे काही नवे नियम घालण्यात आले होते. परत आल्यावर 1220 साली त्यांनी संघाचा कारभार दुसऱ्याच्या हाती दिला व आपण एका साध्या बंधूप्रमाणे आज्ञेत राहू लागले. त्यांची प्रकृती खालावली होती. पूर्वेकडील प्रवासात जडलेल्या नेत्ररोगामुळे दृष्टीही मंद होत चालली होती. 1223 साली रिएतीच्या खोऱ्यातील फोंते कोलोंबो येथे राहून त्यांनी संघाची नियमावली पुन्हा लिहून काढली. ती पोप होनोरियस तिसरे यांनी त्याच वर्षी 29 नोव्हेंबर रोजी मान्य केली. कागदोपत्री काम तडीस गेले होते. परंतु ज्याने हे सर्व आरंभिले, तो पुरुष थकलेला, आजारी व आपल्याच संघात काहीसा एकाकी असा झाला होता. नाताळ चार आठवड्यांवरही राहिला नव्हता.

नाताळचा सण त्यांना सर्व सणांहून अधिक प्रिय होता. परमेश्वर लहान बालक होऊन मातेच्या दुधावर वाढला, ही गोष्ट मनात येताच त्यांचा गळा दाटून येई. एकदा नाताळ शुक्रवारी आला असता मांस वर्ज्य करावे की काय, असा प्रश्न एका बंधूने काढला. तेव्हा त्या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावे, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान त्यांस ते चोळावे, असे त्यांनी उत्तर दिले. बादशहाची भेट झाली तर आपण एक मागणे मागू, असेही ते म्हणत: नाताळच्या दिवशी पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकावे, श्रीमंतांनी गरिबांस पोटभर जेऊ घालावे आणि बैलांना व गाढवांना नेहमीहून अधिक दाणावैरण मिळावी, असा हुकूम सर्वत्र काढावा. कारण ज्या रात्री प्रभू गव्हाणीत निजला, त्या रात्री त्याच्याजवळ हीच मुकी जनावरे होती.

रिएतीच्या खोऱ्यात ग्रेच्चो नावाचे खेडे डोंगराच्या कड्यास लागून आहे. तेथील लोक गरीब व साधे असल्यामुळे फ्रान्सिस यांना ते गाव आवडे. त्या प्रदेशात योहान नावाचा एक कुलीन गृहस्थ राहत असे. कुळाच्या मोठेपणापेक्षा आत्म्याचा मोठेपणा त्याला अधिक वाटे, म्हणून फ्रान्सिस यांचा त्याच्यावर लोभ होता. नाताळास सुमारे पंधरा दिवस उरले असता त्यांनी या योहानास बोलावून घेतले, आणि ग्रेच्चो येथे सण साजरा करावयाचा असेल तर पुढे जाऊन आपण सांगतो ती तयारी त्याने करावी, असे सांगितले. बेथलेहेमात जन्मलेल्या बालकाला किती हालअपेष्टा सोसाव्या लागल्या, त्याला गव्हाणीत कसे निजविले, बैल व गाढव यांच्या जवळ तो गवतावर कसा पडला होता, हे आपणांस या देहाच्या डोळ्यांनी पाहावयाचे आहे, असा आपला हेतू त्यांनी प्रकट केला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्याचे डोळे दिवसेंदिवस निकामी होत आहेत, असा माणूस डोळ्यांनी पाहण्याची इच्छा धरीत आहे. पुढल्या वर्षी आपणांस दिसेल की नाही, हे त्याला ठाऊक नाही. म्हणूनच ही इच्छा त्याने ऐन वेळेवर टाकली नाही. घाई माणसाला असते ती दोन प्रकारची: एक आळसातून शेवटच्या दिवशी येते, दुसरी प्रीतीतून पंधरा दिवस आधी येते. फ्रान्सिस यांची घाई दुसऱ्या प्रकारची होती.

त्यांनी मागितले तरी काय? गव्हाण, वाळलेले गवत, एक बैल व एक गाढव. ज्या खेड्यात शेतकरी राहतात, तेथे या वस्तू घरोघर असावयाच्याच. ना रेशीम मागितले, ना सोने, ना परगावाहून आणावयाचे काही. काय हवे ते मोजके होते, कशासाठी हवे ते स्पष्ट होते, आणि कोणी करावयाचे तेही ठरलेले होते. आणखी एक गोष्ट. संत बोनाव्हेंचर यांनी पुढे लिहिलेल्या चरित्रात असे नमूद आहे की, मंदिरात काही नवीनच थेर काढले असा बोभाटा होऊ नये, म्हणून फ्रान्सिस यांनी या समारंभासाठी पोप महाराजांची अनुज्ञा अगोदर घेतली होती. संत असूनही त्यांनी परवानगीचा रस्ता चुकविला नाही. भक्तीच्या उमाळ्यात आपण हे कितीदा विसरतो!

योहान तत्काळ कामास लागला व सांगितल्याप्रमाणे सर्व सिद्ध केले. निरनिराळ्या ठिकाणच्या बंधूंना बोलावणी गेली. त्या प्रदेशातील स्त्रीपुरुषांनी आनंदाने, आपापल्या ऐपतीप्रमाणे, मेणबत्त्या व मशाली तयार केल्या. चरित्रकार थोमास चेलानो यांनी या गोष्टीचा मुद्दाम उल्लेख केला आहे, आणि आमच्या मते सबंध वृत्तांताचे मर्म येथेच आहे. ज्याच्या घरी मोठी मेणबत्ती होती त्याने ती आणली. ज्याच्यापाशी काही नव्हते त्याने मशाल बांधली. त्या रात्री जो उजेड पडला, तो कोणा एका धनिकाने विकत घेतलेला नव्हता. तो घरोघरचा होता.

नाताळची रात्र आली. डोंगराची वाट मशालींनी उजळून गेली. रानात माणसांचे सूर घुमू लागले व कडे त्यांना प्रतिसाद देऊ लागले. फ्रान्सिस आले, त्यांनी सर्व सिद्धता पाहिली व त्यांना हर्ष झाला. गव्हाण मांडली होती, तीत गवत पसरले होते, बैल व गाढव उभे होते. मातीची वा लाकडाची बाळमूर्ती तेथे असल्याचे चरित्रकार सांगत नाहीत. मरिया व योसेफ यांची सोंगेही कोणी घेतली नव्हती. त्या गव्हाणीवरच पवित्र मिस्सा अर्पण करण्यात आला. प्रभू तेथे यावयाचा तो भाकरीच्या रूपाने, हे ज्ञान त्या साध्या लोकांना त्या रात्री कोणत्याही व्याख्यानाहून अधिक स्पष्टपणे झाले असेल.

फ्रान्सिस हे धर्मगुरू नव्हते. ते डिकन म्हणजे उपधर्मगुरू होते, आणि त्या पदाहून अधिक काही त्यांनी कधी घेतले नाही. म्हणून मिस्सा दुसऱ्या धर्मगुरूंनी केला. फ्रान्सिस यांनी डिकनची वस्त्रे लेवून शुभवर्तमान गाइले व नंतर प्रवचन केले. बेथलेहेम हा शब्द उच्चारताना त्यांचा स्वर कोकराच्या हाकेसारखा होई, आणि येशूचे नाव घेताना त्या नावाची गोडी चाखावी तसे ते ओठांवरून जीभ फिरवीत, असे चरित्रात सांगितले आहे. जमलेल्यांपैकी एका सत्पुरुषास असा दृष्टांत झाला की, गव्हाणीत एक बालक निश्चेष्ट पडले आहे, आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते झोपेतून जागे झाले. बोनाव्हेंचर यांच्या मते हा सत्पुरुष म्हणजे स्वतः योहानच. हे आम्हांस फार समर्पक वाटते. ज्याने पंधरा दिवस गवत, गव्हाण व जनावरे यांची जुळवाजुळव केली, त्यालाच प्रभूने दर्शन दिले. काम करणाऱ्याची भक्ती कामात बुडून जाते, ही समजूत खोटी ठरविण्यास एवढा दाखला पुरे.

सण संपल्यावर ते गवत टाकून दिले नाही. लोकांनी ते जपून ठेविले. आजारी गुराढोरांना ते चारले असता ती बरी झाली, आणि अडलेल्या बाळंतिणींनी ते जवळ ठेविले असता त्यांची सुखरूप सुटका झाली, अशी साक्ष नोंदलेली आहे. गव्हाणीच्या जागी पुढे वेदी बांधण्यात आली.

यानंतर फ्रान्सिस यांस तीनच वर्षे लाभली, आणि ती दुःखाची होती. 1224 च्या सप्टेंबरात ला व्हेर्ना पर्वतावर त्यांच्या देहावर प्रभूची पंचक्षते उमटली. दृष्टी जवळजवळ गेली. वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने डाग दिले, त्यानेही गुण आला नाही. अशा स्थितीतच त्यांनी सूर्य, चंद्र व सर्व सृष्टी यांच्याबद्दल देवाचे स्तवन करणारे गीत रचिले. 3 ऑक्टोबर 1226 रोजी सायंकाळी आसिसीजवळ पोर्तिउंकुला येथे उघड्या जमिनीवर पडून त्यांनी देह ठेविला. 16 जुलै 1228 रोजी पोप ग्रेगोरी नववे यांनी त्यांस संतपद दिले. 1 डिसेंबर 2019 रोजी पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो येथे जाऊन नाताळच्या गोठ्याचे महत्त्व सांगणाऱ्या पत्रावर स्वाक्षरी केली. त्या रात्रीस 2023 साली आठशे वर्षे पूर्ण झाली.

आता थोडे आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असता, नाताळची तयारी आपोआप होईल, दरवर्षी होतेच, असे आम्ही गृहीत धरले. तारीख 22 डिसेंबरपर्यंत कोणास काही सांगितले नाही. मग धावपळ उडाली. दोन तरुणांनी सारी रात्र जागून बांबू बांधले. पेंढा मिळाला तो भिजलेला. गायनमंडळाने मध्यरात्रीच्या मिस्साची गीते धडपणे बसविली नव्हती. हे सर्व निभावून गेले. जे निभावले नाही ते वेगळेच होते. वेदीची वस्त्रे वर्षानुवर्षे धुऊन, खळ घालून देणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. त्या येतीलच, असे समजून त्यांना निरोप धाडला नाही. त्या घरी बसून वाट पाहत राहिल्या, आणि आता आपली गरज उरली नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले. तीन राजांच्या सणानंतर त्यांनी हे आम्हांस सांगितले, तेही तक्रार म्हणून नव्हे. पुढल्या वर्षी आम्ही नोव्हेंबरातच त्यांच्या दारी गेलो. पण तोवर त्यांचे हात कापू लागले होते. त्यांनी शेजारच्या दोन मुलींना खळ कशी घालावी ते शिकविले. दोष सर्वस्वी आमचा होता. वेळेवर बोलावणे हा केवळ व्यवस्थेचा प्रश्न नाही. तो माणसाला मान देण्याचा प्रश्न आहे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

यास्तव या महोत्सवी वर्षी आमची विनंती अशी. आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणजे नाताळापूर्वी निदान 22 दिवस आपल्या हाती असतात. फ्रान्सिस यांनी पंधरा दिवसांत जे केले, ते आपणांस बावीस दिवसांत का साधू नये? त्या रविवारी मिस्सानंतर सर्वांनी थांबावे. गोठा, सजावट, गायन, वेदीसेवा, साफसफाई, गरिबांस भोजन, आणि सण संपल्यावरची आवराआवर, या प्रत्येक कामासाठी एकेक जबाबदार व्यक्ती नावाने ठरवावी. आवराआवरीस माणसे कमी पडतात, म्हणून ती नावे प्रथम लिहावीत. ज्याच्या शेतात यंदा भात झाले त्याने कोरडा पेंढा बाजूस ठेवावा; कामट्या तासता येतात त्यांनी चांदण्या कराव्यात; ज्यांना घराबाहेर पडवत नाही अशा आजारी व वृद्ध मंडळींकडे प्रार्थनेचे काम सोपवावयास आम्ही स्वतः येऊ. नवीन काही करावयाचे असल्यास आधी विचारावे. आणि गोठा मोडल्यावर पेंढा जाळू नये. तो गुरांना घालावा, म्हणजे संतांच्या मनीची एक इच्छा निदान आपल्या गावापुरती पूर्ण होईल.

महोत्सवाचे दिवे विझतील, ही स्मरणिकाही कपाटात जाईल. परंतु प्रत्येक घरून एक मशाल आली, असे एखाद्या नाताळविषयी सांगता आले तर हे मंदिर ज्यासाठी बांधले त्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू. संत फ्रान्सिस आपणांसाठी विनवणी करोत, आणि गव्हाणीतील बालक तुम्हां सर्वांच्या घरी शांती नांदवो.

आपला नम्र सेवक,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू